साडेसात इंच

तोंडात टाचण्या असेपर्यंत थोरली काही बोलत नसे. त्या रविवारी दुपारी तिच्या ओठांत चांगल्या सात टाचण्या होत्या, म्हणजे घराला अजून तरी धोका नव्हता. चहाचा ट्रे घेऊन पुढच्या खोलीत पाऊल टाकताना धाकटीने आधी तेच बघून घेतलं. जावाजावा म्हणून पंचवीस वर्षं एका छपराखाली काढली की घराचं हवामान असं ओळखता येतं.

गल्लीत थोरलीला सगळे टाचणी म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं आणि राग नव्हता. शिवताना ती फक्त हुंकार द्यायची. एक हुंकार म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, आणि एक लांबलचक म्हणजे आता पुढे बोलू नकोस. टाचण्या काढून ती मनगटावरच्या उशीत खोचायला लागली, की कोणीतरी उठून रेडिओ बंद करायचं. शेवटच्या निघाल्या त्या दोन महिन्यांपूर्वी, धाकटीच्या नवऱ्यासाठी, म्हणजे मास्तरांसाठी. वडिलांच्या घामाची वास्तू पाडायला सही देणार नाही म्हणून त्यांनी सगळ्यांचं डोकं उठवलं होतं. तेव्हा थोरली एवढंच म्हणाली होती, "भाऊजी, तुमच्या आठवणींना गळकं छप्पर चालतं. माझ्या गिऱ्हाइकांच्या कपड्यांना चालत नाही." मास्तरांनी त्याच संध्याकाळी सही केली.

लोकांना वाटायचं, जुनं घर जाणार म्हणजे म्हातारी माणसं डोळ्यांना पदर लावतील. थोरली एकसष्ट वर्षांची होती आणि घर पडायची वाट बघत होती. नळ अंगणात, संडास मागच्या टोकाला, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पाय दिला तर पाचवी हलायची. शहराच्या नकाशात हा सगळा चौकोन फक्त राहण्यासाठी म्हणून पिवळ्या रंगात होता. त्यामुळे पुढच्या खोलीतलं तिचं शिलाईचं दुकान कागदावर बैठकीची खोली होतं. तपासनीस आला की मशीनवर चादर पडायची, कात्र्या उशीखाली जायच्या, आणि भिंतीवरचे शर्ट सगळे आमचेच म्हणून ती ठोकून द्यायची. एकदा त्याने विचारलं होतं, घरात पुरुष दोन आणि शर्ट चाळीस कसे. थोरलीने लांब हुंकार दिला होता.

गेल्या वर्षी त्या नकाशात चौकोनाचा रंग बदलला. वर घरं आणि खाली दुकानं, उंची दहा मजले. ज्यांची खाली जुनी दुकानं आहेत त्यांना नव्या इमारतीत रस्त्यावर दार असलेला गाळा मिळणार होता. हे कळल्यापासून थोरली मशीनवर गुणगुणायला लागली होती. तिला उंच आरसा हवा होता आणि कपडे घालून बघायला खरीखुरी, कडीची खोली. इतकी वर्षं गिऱ्हाइकं पडद्याआड कपडे बदलत होती आणि पडद्यापलीकडे मास्तर पोरांना पाढे शिकवत होते.

तर त्या रविवारी मोजणी होती. बिल्डरचा इंजिनीअर आला होता, पोरगेलासा, सडपातळ, हातात लाल ठिपका पाडणारं यंत्र. खोलीत सगळे जमले होते. गणिताचे निवृत्त मास्तर खुर्चीत, त्यांची बहीण, म्हणजे वन्सं, दवाखान्यातली पाळी संपवून आलेल्या, नर्सच्या पांढऱ्या बुटांसकट. आणि बॉबिन. बॉबिन म्हणजे धाकटीची मुलगी. बाळपणी खुळखुळ्याऐवजी शिलाई मशीनच्या बॉबिनी घेऊन बसायची, म्हणून ते नाव पडलं ते पडलं. आता ती बावीस वर्षांची होती, एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायची, आणि त्या दिवशी सकाळी सहापासून घरातल्या खोक्यांवर नावं घालत फिरत होती.

इंजिनीअर वाकला तसा त्याच्या कोटाच्या खिशातून पेन्सिल खाली पडली. त्याने उचलून पुन्हा खिशात टाकली, ती पुन्हा फाटक्या अस्तरातून खाली आली. थोरलीने काही न बोलता बोटाने खूण केली, कोट काढ. त्याने मुकाट्याने काढून दिला. रुंदी मोजून झाली, दहा फूट, बरोबर. मग त्याने यंत्र दाराच्या चौकटीला टेकवलं आणि लाल ठिपका खोलीच्या मागच्या भिंतीवर पाडला. ती भिंत विटांची नव्हती. फळ्यांची होती, लाकडी चौकटीवर मारलेली, आणि तिच्या पलीकडे मास्तरांच्या दोन खोल्या.

"अकरा फूट साडेआठ इंच," इंजिनीअर म्हणाला.

बॉबिनने हातातला जुना नकाशा पाहिला आणि पुन्हा मोजायला सांगितलं. पुन्हा तेच आलं. जुन्या नकाशात बारा फूट चार इंच होतं. इंजिनीअरने मान हलवली आणि नियम सांगितला. एकशे वीस चौरस फुटांच्या आतली खोली दुकान म्हणून धरत नाहीत, घराचा भाग धरतात. ही भरतेय एकशे सतरा. म्हणजे गाळा मिळणार नाही, त्याऐवजी काकूंना सहाव्या मजल्यावर थोडी जास्त जागा मिळेल.

"सहाव्या मजल्यावर शिंप्याकडे कोण चढतं?" बॉबिन म्हणाली.

लिफ्ट असेल, असं तो म्हणाला, पण ते त्याचं त्यालाच पटलेलं दिसलं नाही. कागदात काय आहे त्याला अर्थ नसतो, आज जागेवर जे आहे तेच लिहायचं असतं, असंही त्याने सांगितलं. तेव्हा बॉबिनने विचारलं की भिंत नकाशातल्या जागी असती तर. मग काय प्रश्नच नव्हता, तो म्हणाला, भिंत नकाशातल्या रेषेवर तरी हवी नाही तर आहे तिथे, अधलंमधलं धरत नाहीत, पण ती तर इथे आहे. वरचे दोन मजले मोजून तो पाच वाजता सह्या घ्यायला परत येणार होता आणि मग या चौकोनाची मोजणी कायमची बंद. आणि जाता जाता मास्तरांना त्याने चांगली बातमी दिली. त्यांचं माप सकाळीच झालं होतं, चारशे दोन चौरस फूट. चारशेच्या वरच्यांना बाल्कनी मिळते.

सगळ्यांनी थोरलीकडे पाहिलं. तिने इंजिनीअरच्या कोटाचं अस्तर उलटं केलं आणि फाटलेल्या कडेला मनगटावरच्या उशीतली टाचणी लावली. ना एक हुंकार, ना दोन.

धाकटीने ट्रेमध्ये कपबशा गोळा करायला घेतल्या. तिने वर पाहिलं तर वन्सं चहाच्या कपात बघत होत्या, जणू कपात कोणी बुडत होतं. मास्तर म्हणाले की जुनी लाकडं फुगतात, दमट हवेने भिंती पुढे येतात, हे विज्ञान आहे. कोणी काही विचारलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं, धाकटी मनात म्हणाली आणि ट्रे घेऊन आत निघून गेली. तिच्या मागोमाग मास्तर आले आणि मास्तरांमागे वन्सं.

मागच्या स्वयंपाकघरात तिघांनी दार लोटून घेतलं.

गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची. बॉबिन महिन्याची होती. खोलीत मोठा पलंग टाकला तर दार उघडेना, आणि धाकटीला लेकीला कुशीत घेऊन अंग चोरून निजावं लागायचं. त्याच सुमाराला थोरलीच्या आईचं पडून हाड मोडलं आणि थोरली बारा दिवस माहेरी गेली. तेव्हा एका दुपारी थोरलीचा नवरा, म्हणजे थोरले भाऊ, मास्तर आणि वन्सं या तिघांनी मिळून फळ्यांची भिंत सोडवली आणि पुढच्या खोलीत सहा इंच सरकवली. कल्पना थोरल्यांची होती. बायको आली की मी सांगतो, असं ते म्हणाले होते. ती आली तेव्हा आईच्या दुखण्याने दमलेली होती, म्हणून उद्या सांगू ठरलं. उद्या गिऱ्हाईक होतं. परवा तिचं डोकं दुखत होतं. मग घोंगडं भिजत पडलं ते पडलंच, आणि नऊ वर्षांपूर्वी थोरले भाऊ गेले ते न सांगताच गेले. थोरलीने कधी काही विचारलं नाही. सहा इंच ते काय बाईच्या लक्षात यायचे, असं सगळ्यांनी मानून घेतलं होतं. जी बाई जन्मभर लोकांच्या कमरा मोजत आली तिच्याबद्दल हे मानून घेतलं होतं.

मास्तरांनी आता भिंतीवरच्या पाटीवर हिशेब मांडला. मध्यम मार्ग काढू, ते म्हणाले. आपण तीनच चौरस फूट परत दिले की वहिनींचे एकशे वीस होतात. चारशे दोनातून तीन गेले. त्यांचा खडू थांबला.

"तीनशे नव्याण्णव," धाकटी म्हणाली. तिला पाटीची गरज लागली नाही.

शिवाय इंजिनीअरने सांगितलं होतं, भिंत नकाशातल्या रेषेवर तरी हवी नाही तर आहे तिथे. अधलंमधलं चालणार नव्हतं. वन्संचं म्हणणं पडलं की झाकली मूठ सव्वा लाखाची. आता बोललं तर बावीस वर्षांचा खोटेपणा उघडा पडेल, तोही दादाच्या माघारी. वहिनींना सहाव्या मजल्यावर हवेशीर जागा मिळतेच आहे. दुपारच्या पाळीच्या नर्सेसचे सगळे युनिफॉर्म मी त्यांच्याकडे पाठवीन, लिफ्टने पाठवीन. एरवी थोरलीच्या बाजूने सगळ्या घराशी भांडणाऱ्या वन्सं असं बोलल्या, यावरून त्या किती घाबरल्या होत्या ते धाकटीला कळलं. मास्तर म्हणाले, तू म्हणशील तसं. हे त्यांचं नेहमीचंच.

धाकटी खिडकीकडे वळली. खिडकीत, ओट्याखाली, जिन्याच्या पायऱ्यांवर मिळून तिच्या सतरा कुंड्या होत्या. बस आगारात पास देण्याच्या खिडकीमागे तिची एकतीस वर्षं गेली होती. काचेला पडलेल्या वाटोळ्या भोकातून लोकांचे फक्त हात दिसायचे. बाल्कनीचं कळल्यापासून तिने कोणाला न सांगता कुंड्यांच्या जागा ठरवल्या होत्या, मधोमध एक खुर्ची, पाय वर घेऊन बसायला. तिला ती बाल्कनी फार हवी होती. एवढी हवी होती की गप्प राहायला तिला जरासुद्धा जड गेलं नसतं, आणि त्याचीच तिला लाज वाटली.

ती साखरेचा डबा घ्यायला म्हणून पलंगाच्या खोलीत आली. फळ्यांच्या फटीतून पुढची खोली दिसत होती. बॉबिन रडवेली होऊन म्हणत होती की मी अर्ज करीन, मी त्यांच्या ऑफिसात जाऊन बसेन, मोठी आई तू काळजी करू नकोस. थोरली उठली. समोरच्या भिंतीवर बॉबिनने काढलेलं नव्या दुकानाचं चित्र होतं, आरसा, कडीची खोली, वर पाटी, सगळं रंगवलेलं. थोरलीने त्याच्या चार कोपऱ्यांतल्या चार टाचण्या एकेक काढल्या आणि ओठांत धरल्या. कागदाची नीट चौघडी केली, मशीनच्या खणात ठेवली आणि पुन्हा कोटाला लागली.

आता ओठांत पुष्कळच टाचण्या झाल्या होत्या. धाकटीला ते बघवलं नाही.

मास्तरांनी हाक मारेपर्यंत ती पुढच्या खोलीत पोचलीही होती. मागून वन्सं आल्या, त्यांनी तिचा पदर धरायचा प्रयत्न केला, तो सुटला.

"वहिनी, भिंत फुगली नाही. आम्ही सरकवली," धाकटी म्हणाली. "तुम्ही माहेरी गेला होतात तेव्हा. माझ्या पलंगासाठी. सहा इंच."

मग तिने सगळं सांगून टाकलं, मध्ये श्वासही न घेता. थोरल्यांचं नाव तिने पहिलं घेतलं नाही, शेवटी घेतलं. मास्तरांनी सोडवलं, वन्संनी फळी धरली, आणि मी बाळ मांडीवर घेऊन इथून जरा, अजून जरा, असं सांगत बसले होते. बाल्कनीचंही सांगितलं. मी आत्ता गप्प बसणार होते, हेसुद्धा सांगितलं. बॉबिन आईकडे बघतच राहिली.

थोरलीने मशीनवरून हात उचलला आणि पहिली टाचणी काढली. वन्संनी जाऊन रेडिओ बंद केला. दुसरी निघाली, तिसरी निघाली. शांतपणे, एकेक करून, मनगटावरच्या उशीत. मास्तर भिंतीला टेकून उभे होते, त्या भिंतीलाच, आणि ते लक्षात आल्यावर बाजूला झाले. अकरावी टाचणी खोचून झाल्यावर थोरलीने जीभ ओठांवरून फिरवली.

"सहा नाही," ती म्हणाली. "साडेसात."

मग मास्तरांमधला शिक्षक जागा झाला. सहाच, ते म्हणाले, मी स्वतः माझी शाळेची पट्टी लावून खूण केली होती.

"पट्टी लावलीत भाऊजी. खालच्या चौकटीची जाडी धरली नाहीत. दीड इंच."

मास्तरांना पटेना. तेव्हा थोरलीने बाह्यांना इस्त्री करायची फळी उचलून त्यांच्या हातात दिली. ती फळी घरात सगळ्यांच्या ओळखीची होती. धाकटीने तिच्यावर बॉबिनचे फ्रॉक इस्त्री केले होते, वन्संनी आपल्या युनिफॉर्मच्या टोप्या. मास्तर एकदा ती टेकू म्हणून खिडकीला लावत होते तेव्हा थोरलीने लांब हुंकार दिला होता. मास्तरांनी पट्टी लावून फळीची रुंदी मोजली. साडेसात इंच. मग ती उलटी केली. खाली पेन्सिलने तारीख होती, बावीस वर्षांपूर्वीची, आणि बाजूला माप.

"हे माझ्या कटिंग टेबलाचं टोक," थोरली म्हणाली. "माहेरून आले त्या दिवशी टेबल दोन भिंतींत बसेना. मग कापलं करवतीने. ह्यांनी विचारलं तर म्हटलं वाळवी लागली होती. शेवटपर्यंत बिचारे वाळवीचं औषध आणत राहिले."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. आधी हसली बॉबिन. मग वन्सं, नर्सच्या बुटांत वाकून, भिंतीला धरून. थोरले भाऊ दर पावसाळ्याआधी डोळे चुकवत टेबलाच्या पायांना ते वासाचं औषध लावायचे, ते सगळ्यांना आठवलं. आपला गुन्हा लपवायला नवरा आणि त्याचा गुन्हा लपवायला बायको. मास्तर हसले नाहीत, ते फळीची जाडी मोजत होते. धाकटी मात्र हसता हसता रडायला लागली आणि मग तिला कळेना यातलं कुठलं थांबवायचं.

थोरलीने तिच्यासमोर स्टूल सरकवलं. बैस, म्हणाली. भिंत राहू दे आहे तिथे. तुझ्या कुंड्या जिन्यावर अडखळायला होतात, त्यांना जागा हवीच आहे. मी सहाव्या मजल्यावर शिवीन. तो पोरगा म्हणतो लिफ्ट असेल.

"तुमचं हे नेहमीचंच आहे," धाकटी म्हणाली. डोळे पुसून ती उभी राहिली. "बावीस वर्षं तुमच्या जागेत पाय पसरून निजले. आता बास. बॉबिन, स्क्रूड्रायव्हर आण."

थोरलीने दोनदा हुंकार दिला. तोंडात टाचण्या नसताना तो काही चालला नाही.

घरात स्क्रूड्रायव्हर एकच होता, तो खोक्यात गेला होता, आणि बॉबिनने सकाळपासून सगळ्या खोक्यांवर नीट नावं घालूनसुद्धा तो कुठल्या खोक्यात होता ते कोणालाच माहीत नव्हतं. शेजारचा घड्याळजी धावत आला, हातात सहा स्क्रूड्रायव्हर, सगळ्यात मोठा करंगळीएवढा. पलीकडच्या चांभाराने ते बघून कपाळाला हात लावला आणि आपली हत्यारं आणली. या दोघांचे गाळे सकाळीच पक्के झाले होते, आणि टाचणीचा हुकला हे ऐकून दोघांनी दुपारचा चहाही नीट घेतला नव्हता. वेळ होता तास-दीड तास.

मास्तरांच्या खोलीतला पलंग ओढला. तो बावीस वर्षांत हलला नव्हता. खाली एक बाळाचा बूट सापडला, बुद्धिबळातला मास्तरांचा हरवलेला उंट सापडला, ज्याच्यावरून त्यांनी थोरल्या भावाशी दोन महिने अबोला धरला होता, आणि बॉबिनी सापडल्या, एकोणीस. थोरलीने त्या ओंजळीत घेतल्या आणि म्हणजे पोरगी ह्या गिळत नव्हती म्हणायची, एवढंच म्हणाली. जमिनीवर फिकी रेघ होती, जुन्या चौकटीची. स्क्रूची भोकं साबणाने बुजवलेली. वन्संनी कबूल केलं की तो साबण दवाखान्यातला होता.

भिंत सोडवली तेव्हा घर एकदम मोठं झालं. पुढच्या दारातून मागच्या खिडकीपर्यंत, कुंड्यांपर्यंत, आरपार दिसायला लागलं, आणि खोलीत ऊन आलं, जे या खोलीत कधीच येत नसे. थोरली म्हणाली, हे आपल्याला आधीच सुचायला हवं होतं. मग मास्तरांनी सूचना द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्या हातात चौकटीचं जड टोक देऊन त्यांना गप्प केलं. चांभार एका टोकाला, धाकटी आणि वन्सं मध्ये. इथून जरा, अजून जरा, असं या वेळी थोरली सांगत होती. फळ्या जुन्या रेघेवर बसल्या. मास्तरांनी पट्टी लावली आणि, सगळ्यांनी पाहिलं, चौकटीची जाडी धरली.

पाच वाजता इंजिनीअर जिन्यावरून उतरला. खोली बघून दारातच थबकला. बॉबिनने त्याला काहीही न लपवता सांगितलं, काय होतं, कोणी केलं, कधी केलं, आणि जमिनीवरची भोकं दाखवली. त्याने वाकून साबणाचा तुकडा नखाने उकरला, वास घेतला आणि मान डोलावली. मग लाल ठिपका भिंतीवर पडला.

"बारा फूट चार इंच. एकशे तेवीस चौरस फूट," तो म्हणाला. "काकू, गाळा क्रमांक तीन."

घड्याळजीने टाळ्या वाजवल्या. वन्सं थोरलीच्या गळ्यात पडल्या आणि उशीतली टाचणी टोचली तशा लगेच बाजूलाही झाल्या. इंजिनीअरने पलीकडचं माप नव्याने घेतलं, जुना आकडा खोडला, नवा लिहिला आणि मास्तरांकडे न बघता म्हणाला की तीनशे पंच्याण्णव भरतंय, बाल्कनी बसणार नाही.

"माहीत आहे," धाकटी म्हणाली. तिला वाटलं होतं तेवढं ते दुखलं नाही. दुखलं, पण उजेडात ठेवलेल्या गोष्टीसारखं.

थोरलीने खणातून चित्र काढलं, उलगडलं आणि टेबलावर सपाट केलं. पेन्सिल घेऊन तिने दुकानाच्या दाराशी एक खुर्ची काढली. चित्रकला तिची यथातथाच, तरी खुर्ची आहे हे कळत होतं. मग तिच्याभोवती तिने गोल काढायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. धाकटी मोजत राहिली. सतरा झाले तेव्हा थांबली.

"रस्त्याला तोंड करून बस," थोरली म्हणाली. "माणसं अख्खी दिसतील."

टेबलाचं टोक जागेवर लावलं. दोन पट्ट्या खालून मारल्या, चांभाराने मारल्या. लाकडाच्या रेघा एकमेकींना जुळल्या, फक्त टोक इस्त्रीने जरा काळपट पडलं होतं. चहा पुन्हा झाला. बॉबिन दिवसभर उभी होती, ती टेबलाच्या त्या काळपट टोकापाशी स्टुलावर बसली आणि हनुवटी हातावर टेकवली. इतका वेळ तिला एक गोष्ट विचारायची होती, ती तिने आता विचारली. पहिल्याच दिवशी कळलं होतं, तर मोठी आई, तू बोलली का नाहीस.

थोरली मशीनवर बसली. कोटाचा खिसा तेवढा राहिला होता.

"माझं मशीन ह्या भिंतीसमोर," ती म्हणाली, "आणि भिंतीपलीकडे तुझं डोकं. मशीन चालू असलं की तू झोपायचीस, थांबलं की रडायचीस. तुझी आई खिडकीवर कामाला जायची. मी दुपारभर मशीन चालवायचे, काम नसलं तरी, सुईत दोरासुद्धा नसायचा. भिंत सरकली, तशी तू साडेसात इंच माझ्याजवळ आलीस. मला पोरबाळ नव्हतं. मी कशाला बोलू?"

धाकटीने तोंडावर पदर धरला. मास्तर खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांचा चष्मा हातात होता.

"ती जागा कोणी घेतली नाही," थोरली म्हणाली. "मी दिली होती." आणि तिने पायटा दाबला.

मशीनचा आवाज खोलीत भरला. धाकटीने कपबशा गोळा केल्या, वन्संनी बूट काढून पाय स्टुलावर घेतले. खिशाला एक टीप घालून झाली, थोरलीने दुसरी धरली. इंजिनीअर सहीचा कागद घेऊन जवळ आला आणि काकू, इथे, म्हणून बोट ठेवायला लागला, तर थोरलीने ओठांवर बोट ठेवलं.

टेबलाच्या टोकावर डोकं ठेवून बॉबिन झोपली होती, तोंड जरासं उघडं.

थोरलीने कागद आपल्याकडे ओढला. पाय पायट्यावर चालूच ठेवला, सुईखालून कोट हळूहळू पुढे जाऊ दिला, आणि उजव्या हाताने सही केली. सही बरीच वेडीवाकडी आली. इंजिनीअरने ती पाहिली, झोपलेल्या मुलीकडे पाहिलं, आणि काही न बोलता चालेल म्हणून मान हलवली. मग तो भिंतीशी उभा राहून आपल्या कोटाची वाट बघत राहिला. टीप कधीच संपली होती, तरी मशीन थांबलं नव्हतं.